व्हिसल रजिस्टर: अतितार सप्तकातला आवाज घसा न दुखावता कसा शिकावा

काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून गाणाऱ्या बाईचा मध्य षड्ज साधारण २०८ हर्ट्झवर (सेकंदाला २०८ कंपनांवर) असतो, तार षड्ज ४१५ वर आणि अतितार षड्ज ८३१ वर. रोजच्या गाण्यात तार पंचमापर्यंत गेलं तरी पुष्कळ झालं. व्हिसल रजिस्टर म्हणतात तो आवाज सुरू होतो त्याच्याही जवळजवळ एक सप्तक वर, अतितार मध्यमाच्या आसपास, म्हणजे ११०० हर्ट्झच्या मागेपुढे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाला तोच टप्पा आपल्या मध्य षड्जाच्या तीन सप्तकं वर सापडतो. पुरुषांनाही तो सापडतो, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुष्कळ मुलगे प्रयत्न करण्याआधीच हा बायकांचा प्रांत म्हणून सोडून देतात. मोझार्टच्या १७९१ सालच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातली रात्रीची राणी १३९७ हर्ट्झपर्यंत जाते. काळी चारच्या हिशेबाने तो अतितार शुद्ध धैवत. पॉप संगीतात मिनी रिपर्टन आणि मराया कॅरी या अमेरिकन गायिकांनी हा आवाज लोकांच्या कानावर घातला, आणि आज पुण्यातल्या कॉलेजच्या बँडमधली मुलं तो काढून बघतात ती बहुतेक त्यांचं ऐकूनच.

काढून बघायला हरकत नाही. पण हा आवाज जोराने निघत नाही, आणि जोराने काढायला गेलं की घसा बिघडतो. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आत काय घडतं

बाईच्या स्वरपट्ट्या जेमतेम सव्वा ते पावणेदोन सेंटिमीटर लांब असतात. मध्य षड्ज लावताना त्या सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकींवर येतात, पूर्ण जाडीने. स्वर चढत जातो तशा त्या ताणल्या जातात आणि पातळ होतात. व्हिसलमध्ये ताण इतका असतो की पट्टीची फक्त कड हलते, तीही अगदी थोडी. नावामुळे गैरसमज होतो की ओठांच्या शिट्टीसारखी नुसती हवाच वाजते. तसं नाही. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी १५६८ हर्ट्झच्या स्वरावरही पट्ट्या हलताना टिपल्या आहेत.

यातून सरावासाठी दोन गोष्टी निघतात. एक, त्या कडेला हलवायला हवा फारच थोडी लागते. जास्त हवा सोडली तर पट्ट्या उघडतात आणि नुसता फुसकारा ऐकू येतो. दोन, सेकंदाला हजारावर हेलकावे म्हणजे मध्य षड्जाच्या पाचपट. दहा मिनिटांचा व्हिसल हा दहा मिनिटांच्या खर्जासारखा मोजता येत नाही. कडेवरचं पातळ, ओलसर अस्तर जरा सुजलं तरी सर्वांत आधी हेच स्वर जातात. म्हणून हा आवाज आज आला आणि उद्या आला नाही, तर विद्या विसरली असं समजायचं कारण नाही. कड सुजली आहे किंवा कोरडी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

शब्दांचं काय, असं विचारलं जातं. या उंचीवर शब्द कळत नाहीत, आणि त्यात गाणाऱ्याचा दोष नसतो. आ, ई, ऊ हे स्वर वेगळे ओळखू येतात ते घशातल्या आणि तोंडातल्या अनुनादामुळे. गायला जाणारा सूरच त्यांतल्या पहिल्या, म्हणजे सर्वांत खालच्या अनुनादाच्या वर गेला की ओळख पटवणारं काही उरत नाही. तेव्हा व्हिसलमध्ये शब्द बसवण्याचा हट्ट धरू नका. घसा आवळला जातो तो बहुतेक वेळा तिथेच.

सुरू करण्याआधीची परीक्षा

स्वराची कंपनसंख्या दाखवणारा ट्यूनर लावून बसा. तार पंचमापासून अतितार षड्जापर्यंत ‘ऊ’वर, हळू आवाजात, प्रत्येक स्वर तीन-चार सेकंद धरता येतो का ते बघा. पुरुषांनी आपल्या पट्टीचा हिशेब सोडून हेच स्वर, म्हणजे ६२० ते ८३० हर्ट्झ, चोरट्या आवाजात (फॉल्सेटोत) धरून बघावेत. मोठ्याने नाही, शेजारी झोपलेल्या बाळाला जाग येणार नाही इतक्या हळू. स्वर लागायला उशीर होत असेल, आधी हवा आणि मग आवाज असं होत असेल, किंवा मध्येच स्वर तुटत असेल, तर व्हिसलची वेळ अजून आलेली नाही. दोन-तीन महिने हलक्या आवाजाने तार सप्तकच पक्कं करा. जोरात तेच स्वर लागतात म्हणून फसू नका. जोर लावला की सुजलेली कडही वाजते, हळू गाताना ती उघडी पडते.

अशीच परीक्षा पुढे रोज करायची. हळू आवाजात ‘सा रे ग रे सा’, प्रत्येक स्वर तुटक, तार षड्जापासून एकेक पट्टी वर चढवत. कोणत्या स्वरापाशी आवाज उशिरा लागतो तो वहीत लिहा. काल अतितार रिषभापर्यंत स्वच्छ होता आणि आज अतितार षड्जालाच हवा निसटते आहे, तर आज व्हिसल नाही. वही हा या शिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण घशाला दुखायला वेळ लागतो आणि तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं.

सर्दी, खोकला, बसलेला घसा, रात्रीची आंबट ढेकर, अपुरी झोप: यांपैकी काही असलं तर त्या दिवशी सुट्टी. पाळीच्या आधीच्या एक-दोन दिवसांत काहींच्या स्वरपट्ट्यांवरच्या रक्तवाहिन्या फुगतात. आवाज जड वाटत असेल तर तेव्हाही नको. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेतलं असेल तर रक्तस्राव लवकर होऊ शकतो, त्या दिवसांत हे स्वर काढू नयेत. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र गाण्यासाठी बंद करायची नाही, व्हिसलच बंद ठेवायचं. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांनी हा आवाज शिकूच नये.

पुण्यात राहणाऱ्यांना आणखी थोडं पाहावं लागतं. दिवाळीनंतर होळीपर्यंत इथली हवा कोरडी असते आणि पहाटे नाकातून आत जाणारी थंडी घसा वाळवते. पहाटेचा रियाज खर्जासाठी उत्तम, व्हिसलसाठी नाही. उठल्यावर निदान दोन तास जाऊ द्या, थोडं बोलणं होऊ द्या. कर्वे रस्त्यावरून किंवा सिंहगड रस्त्यावरून दुचाकीने आला असाल तर वीस मिनिटं नुसते बसा, पाणी प्या. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशाचा सराव सुरू होतो. त्या आवाजावर ओरडून बोलताना घशाचं किती होतं ते तिथे कळत नाही. सरावाचा दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी व्हिसल नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत ओरडण्याची भूमिका असेल तर तीच अट.

पाणी, वाफ आणि डबीतल्या गोष्टी

प्यायलेलं पाणी स्वरपट्ट्यांना स्पर्श करत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. रक्तातून तिथे ओल पोचायला वेळ लागतो, म्हणून पाणी दिवसभर थोडं थोडं प्यावं, गाण्याच्या मिनिटाला ग्लासभर नाही. वाफ मात्र थेट पोचते. साध्या पाण्याची, पाच मिनिटं, चटका बसणार नाही इतक्या अंतरावरून, आणि सरावाच्या अर्धा तास आधी. निलगिरीचं तेल किंवा बाम त्यात घालू नका.

ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग यांनी लाळ सुटते आणि घशाला बरं वाटतं. पट्ट्यांवर त्यांचा थेट परिणाम होत नाही. ज्येष्ठमध रोज भरपूर चघळल्याने रक्तदाब वाढतो, तेव्हा बेतानेच. घसा सुन्न करणाऱ्या गोळ्या आणि स्प्रे यांना व्हिसलच्या दिवशी हातही लावू नका. दुखणं हा एकच पहारेकरी आहे, त्यालाच झोपवलं तर आत काय चाललंय ते कळणार कसं?

तयारी: बारा ते पंधरा मिनिटं

अर्धा ग्लास पाणी घ्या, त्यात साधी स्ट्रॉ दोन बोटं बुडवा. ओठ स्ट्रॉभोवती बंद. आता स्ट्रॉमधून ‘ऊ’ म्हणा, मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत सरकत वर आणि परत खाली. बुडबुड्यांकडे लक्ष ठेवा. ते एकसारखे, लहान आणि सलग यायला हवेत. मध्येच मोठा बुडबुडा फुटला आणि पाणी उडालं, तर तिथे हवेचा धक्का बसला. बुडबुडे थांबले आणि आवाज मात्र चालू राहिला, तर हवा नाकातून निसटते आहे. घशातला जोर कानाला ऐकू येत नाही, पण ग्लासात डोळ्यांना दिसतो, म्हणून ही पाच मिनिटं कधीच गाळू नका.

नंतर तीन मिनिटं ओठांची फुरफुर, तार सप्तकातून खाली घसरत. मग ‘म्’कारात गुणगुणणं. शेवटी ‘ऊ’वर हळू आवाजात तार मध्यमापासून अतितार रिषभापर्यंत मींड, पाच-सहा वेळा. जड खर्ज यानंतर लगेच किंवा याआधी लगेच करू नये, असं आमचं मत आहे. जाड पट्ट्यांची सवय आणि कडेचा आवाज यांच्यात निदान काही तासांचं अंतर असावं. शास्त्रीय संगीत शिकत असाल तर गुरुजींना किंवा बाईंना सांगूनच हा सराव सुरू करा. ‘आ’कारातला आवाज पोकळ होऊ लागला तर तो त्यांच्या कानाला आधी कळेल.

पहिला स्वर सापडणे

ताठ पण सैल बसा. एका हाताचा अंगठा हनुवटीखालच्या मऊ भागावर ठेवा. सराव चालू असताना हा भाग मऊच राहिला पाहिजे. तो दगडासारखा झाला की जिभेचं मूळ खाली दाबलं जातंय. खोल श्वास घेऊ नका. फुलाचा वास घ्यावा एवढाच श्वास पुरतो, कारण छाती भरून घेतलेली हवा बाहेर ढकलायचा मोह आवरत नाही.

आता तोंड जवळजवळ बंद ठेवून कुत्र्याच्या लहान पिल्लासारखं ‘कुंई’ करा. आईला शोधणारं पिल्लू करतं तसं: बारीक, नाकाच्या मुळाशी, अर्धा सेकंद. रडवेलं चालेल, केकाटलेलं नाही. सुरुवातीला हा आवाज तुमच्या नेहमीच्या वरच्या आवाजातच येईल. दर वेळी थोडा बारीक आणि थोडा लहान करत जा. एखाद्या वेळी मध्ये छोटासा खंड पडून आवाज अचानक हलका, सुईसारखा होतो आणि घशात काहीच केल्यासारखं वाटत नाही. तेच दार. ट्यूनरवर बहुधा १००० च्या वर आकडा दिसेल. ट्यूनर कधी कधी सप्तक चुकवतो, म्हणून ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर पडताळा घ्या. त्याची सर्वांत उजवीकडची पांढरी पट्टी २०९३ हर्ट्झची, आणि तिच्या एक सप्तक डावीकडे १०४७. पेटीवर हे स्वर शोधत बसू नका.

पिल्लाच्या आवाजाने आठ-दहा दिवसांत काही सापडलं नाही तर दुसरी वाट आहे. झोपेतून उठल्यावर घशात करकर आवाज येतो, तसा अगदी हळू करकर आवाज काढा, हवा जवळजवळ थांबवा, आणि तीच पकड न बदलता मनात फक्त उंच स्वर आणा. न तेल लावलेल्या बिजागरीसारखा बारीक आवाज निघतो. तिसरी वाट श्वास आत घेताना आवाज काढण्याची. ती लवकर जमते आणि म्हणून लोकप्रिय आहे, पण आत येणारी हवा कड वाळवते. दिवसाला तीन वेळांपेक्षा जास्त नाही, आणि केवळ जागा ओळखण्यापुरती. गाणं बाहेर जाणाऱ्या श्वासावरच शिकायचं.

किती जोर योग्य? खोलीचं दार लावा. स्वयंपाकघरातल्या माणसाला आवाज ऐकू गेला तर जोर जास्त आहे. पहिला महिनाभर हेच माप. पेठांतल्या जुन्या इमारतीतही शेजाऱ्यांना त्रास होऊ नये इतका तो लहान असतो.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, एकूण दहा-पंधरा प्रयत्न, तीन ते पाच मिनिटांत. चार प्रयत्नांनंतर अर्धा मिनिट गप्प. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आठवड्याचे चार दिवस, सात मिनिटांपर्यंत. पुढे कितीही जमलं तरी दिवसाला दहा मिनिटांच्या वर नाही. जमू लागल्याच्या आनंदात पहिल्याच दिवशी तासभर करणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी बोलायलाही जड जातं, हे फार वेळा होतं.

धरणे, उतरणे, चढणे

स्वर सापडला की आधी तो एक सेकंद धरा, मग दोन. चार सेकंद सलग, न थरथरता धरता आला की पुढची पायरी: व्हिसलमधून खाली घसरायचं. वरून खाली, कारण उतरताना पातळपणा आपोआप बरोबर येतो. चढताना मात्र आपण खालचा जाडपणा वर ओढत नेतो आणि आवाज फाटतो. उतरताना १००० हर्ट्झच्या आसपास खड्डा लागेल. तो जोराने बुजवू नका. तिथे आवाज आणखी हळू करा आणि ‘ऊ’चा ‘ई’ करून बघा. खड्डा आठवड्या-दोन आठवड्यांनी अरुंद होतो. उतरणं गुळगुळीत झाल्यावरच चढण.

मग सुरांवर पकड. कीबोर्डवर एक पट्टी वाजवा, ऐका, मनात गा, आणि एकदाच तुटक लावा. चुकला तर लागलेल्या स्वरावरून खालीवर शोधत जाऊ नका, थांबून पुन्हा लावा. दोन स्वर पक्के झाले की तिसरा. तान, खटके यांचा विचार तीन-चार महिन्यांनी. तोंडाचं म्हणाल तर सुरुवातीला ‘ई’ किंवा ‘ऊ’ आणि लहान उघडं तोंड. १२०० हर्ट्झच्या वर जबडा सैल सोडून थोडा उघडला आणि ओठांचे कोपरे किंचित मागे घेतले की आवाजाला चमक येते.

शेवटी तीन मिनिटं पुन्हा स्ट्रॉ, फक्त वरून खाली. त्यानंतर पंधरा मिनिटं बोलणं नको, फोनवरही नाही.

काय बिघडतं आणि का

नुसती हवा येते: पट्ट्या जवळ येत नाहीत. ‘कुंई’च्या आधी ‘ङ्’ लावा आणि श्वास आणखी कमी घ्या. आवाज येतो पण चिरडलेला, आणि मानेच्या शिरा दिसतात: खऱ्या पट्ट्यांच्या वरच्या घड्या मिटत आहेत. तो दिवस संपवा. उद्या निम्म्या जोराने. दोन स्वर एकदम वाजल्यासारखे होतात: बहुधा कडेवर चिकट कफ आहे. खाकरू नका, खाकरणं म्हणजे पट्ट्या एकमेकींवर आपटणं. घोटभर पाणी गिळा. पाणी पिऊन आणि दोन दिवस विश्रांती घेऊनही दुहेरी आवाज राहिला तर तपासणी करा. स्वर हवा तिथून उडून भलतीकडे जातो: जोर जास्त. सरावानंतर मध्य सप्तकातला आवाज घोगरा किंवा पोकळ झाला: मात्रा जास्त झाली, दोन दिवस सुट्टी, आणि नंतर वेळ निम्मा. घशात खवखव, खोकल्याची उबळ: कोरडेपणा किंवा आवळणं, तिथेच थांबा.

गाताना आवाज अचानक गेला, दुखलं किंवा नाही दुखलं, तर ती आणीबाणी समजा. पट्टीत रक्तस्राव झालेला असू शकतो. एक शब्दही नाही, कुजबुज तर नाहीच, कारण कुजबुजण्याने घसा आणखी आवळला जातो. लिहून दाखवा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. आवाज दोन आठवडे बसलेला राहिला तरीही जायचं. तिथे स्ट्रोबोस्कोपी होते का ते आधी फोन करून विचारा. त्यात लुकलुकणाऱ्या प्रकाशात पट्ट्यांची हालचाल संथ दिसते. टॉर्च लावून घसा पाहण्याने पट्ट्यांची कड दिसत नाही. जाताना वही बरोबर न्या, आणि गाता हे आधी सांगा. गाण्यावर पोट असेल तर सराव सुरू करण्याआधीच एकदा तपासणी करून चित्रफीत जपून ठेवा. पुढे काही बिघडलं तर तुलना करायला तीच उपयोगी पडते.

रंगमंचावर

निदान सहा महिने झाल्याशिवाय कार्यक्रमात नको. गाण्यात एक किंवा दोन जागा, त्याही ‘ऊ’ किंवा ‘आ’वर, आणि त्यांच्या आधी श्वासाला एक पूर्ण मात्रा मोकळी ठेवा. मोठेपणा द्यायचं काम माइकचं. व्हिसल एकाच कंपनसंख्येवर एकवटलेला असतो आणि कानाला नेमका तोच पट्टा टोचतो, शिवाय फीडबॅकही तिथेच पटकन धरतो. साउंड चेकला ध्वनिवाल्यांना ती जागा प्रत्यक्ष एकदाच गाऊन दाखवा, आवाजाची पातळी ठरवून घ्या, आणि त्या क्षणी माइक तोंडापासून वीतभर दूर न्यायचा की नाही ते दोघांनी मिळून पक्कं करा. मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज स्पष्ट आला नाही तर माणूस नकळत जोर लावतो, तेव्हा तो आधी वाढवून घ्या. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ‘सा रे ग रे सा’ची परीक्षा घ्या. हवा निसटली तर ती जागा तार सप्तकात गाण्याची पर्यायी तयारी तालमीतच झालेली असू द्या, आणि वादकांनाही ती माहीत असू द्या.